उत्तरिमनुष्यधर्म आणि त्याची परीक्षा

धर्मानंद कोसंबी १९२२ ते १९२५ या काळात अहमदाबादेस गुजरात विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिरात होते. गोव्यातील साखवाळचा हा विद्वान सिंहलद्वीपात व ब्रह्मदेशात पाली शिकून, काही वर्षे चीवर धारण करून परतलेला. 'समाधिमार्ग' (१९२५) आणि 'बौद्धसंघाचा परिचय' (१९२६) ही त्यांची पुस्तके सहसा वेगवेगळी वाचली जातात. एकात ध्यानाची वाट आहे, दुसऱ्यात संघाचे नियम आहेत. परंतु वाटेवर आपण कोठवर पोहोचलो हे कोणी सांगू लागला, तर त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न या दोन्ही विषयांच्या सीमेवर उभा आहे. प्राचीन बौद्धांनी त्याचा जितका बारकाईने विचार केला, तितका आपल्याकडील फारच थोड्या संप्रदायांनी केला असेल.

विनयपिटकात भिक्षूस संघातून कायमचे बाहेर घालविणारे चार अपराध आहेत: मैथुन, चोरी, मनुष्यवध, आणि अंगी नसलेल्या उत्तरिमनुष्यधर्माचा, म्हणजे ध्यान, अभिज्ञा, मार्गफल यांचा, दावा करणे. चौथ्याची उत्पत्तिकथा वज्जींच्या देशातील आहे. दुष्काळ पडला असता वग्गुमुदा नदीच्या तीरावरील भिक्षूंनी गृहस्थांपुढे परस्परांच्या सिद्धींची वाखाणणी आरंभिली. वर्षावास संपला तेव्हा इतर भिक्षू कृश झालेले आणि हे मात्र चांगले पुष्ट! बुद्धाने अशा दावेदारास महाचोरांत अग्रगण्य ठरविले, कारण तो राष्ट्राचे अन्न चोरून खातो. खरी सिद्धीदेखील अनुपसंपन्नास सांगणे हा, सौम्य का होईना, पण अपराधच मानला गेला. दात्यासमोर सिद्धीची भाषाच नको, असा हा बंदोबस्त दिसतो.

या नियमाला पुढे एक अपवाद जोडावा लागला. काही भिक्षूंनी आपण अर्हत् झालो असे प्रामाणिकपणे समजून सांगितले होते. कालांतराने त्यांच्या चित्तात पुन्हा विकार उठले व ते भयभीत झाले. 'अधिमान', म्हणजे स्वतःविषयीचा भाबडा भ्रम, असल्यास दोष नाही, असे तेव्हा ठरले. माझ्या मते खरी अडचण येथूनच सुरू होते. लबाडाला शिक्षा करता येते. भ्रमिष्टाला काय करावे?

मज्झिमनिकायातील छब्बिसोधनसुत्त याचे उत्तर देते. कोणी अर्हत्त्वाची घोषणा केल्यास तिचे अभिनंदनही करू नये, अव्हेरही करू नये, प्रश्न विचारावेत. (नाव षड्विशोधन असूनही मूळ मजकुरात प्रश्न पाचच आढळतात, आणि सहावा शोधताना टीकाकारांची तारांबळ उडाली आहे.) संयुत्तनिकायात पसेनदी राजा जटाधारी वगैरे तपस्व्यांना वंदन करून, हे अर्हत् असतील, असे बुद्धास सांगतो. शील सहवासाने, तोही दीर्घकाळच्या, आणि प्रज्ञा संभाषणाने कळते, असे बुद्ध सुचवितो; तेव्हा राजा कबूल करतो की ते सारे त्याचे गुप्तहेर होते.

मात्र दीर्घ सहवासही अपुरा पडतो, हे बुद्धघोषाचार्यांच्या 'विसुद्धिमग्गा'तील एका कथेवरून दिसते. या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती कोसंबींनी १९४० साली काढली; हार्वर्डची आवृत्ती त्यांच्या निधनानंतर, १९५० साली निघाली. विपश्यना करणाऱ्यास प्रकाश, प्रीती, प्रशांती असे दहा अनुभव येतात व तो त्यांनाच मार्ग समजून बसतो, हे सांगताना ही कथा येते. महानाग स्थविर साठ वर्षे स्वतःस अर्हत् मानीत होते. प्रश्न विचारावेत, तर सर्वांची अचूक उत्तरे त्यांच्यापाशी होती. तेव्हा त्यांच्याच शिष्याने, धम्मदिन्नाने, त्यांना ऋद्धिबलाने एक हत्ती निर्माण करावयास सांगितले. कान ताठ, सोंड तोंडात, चीत्कार करीत अंगावर येणारा. तो येताच स्थविर पळू लागले. शिष्याने चीवराचा पदर धरून विचारले, क्षीणास्रवाला भय असते काय?

गुरूने उकिडवे बसून शिष्याकडे आधार मागितला, कर्मस्थान घेतले, आणि चंक्रमणावरील तिसऱ्या पावलास अर्हत्त्व मिळविले, असे कथा सांगते. या दुसऱ्या अर्हत्त्वाची परीक्षा कोणी घेतली, हे मात्र आचार्यांनी सांगितलेले नाही.