सॉफ्टवेअरच्या कुलपाची कुळकथा

मुळशी तालुक्यात हिंजवडी आणि माणच्या शिवारात आज राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे आहे. त्याच्या तिसऱ्या टप्प्यात, माणच्या हद्दीत, केपीआयटी ही मोटारींसाठी सॉफ्टवेअर तयार करणारी कंपनी आहे. गाडीतल्या सॉफ्टवेअरची नक्कल पेनड्राइव्हवर घालून कुणी विकत बसत नाही, कारण ते गाडीतल्या नियंत्रक चिपशी जखडलेले असते. हल्लीच्या अनेक गाड्यांत ही चिप आधी प्रोग्रॅमची डिजिटल सही तपासते आणि सही पटली तरच प्रोग्रॅम चालू देते. यंत्राविना प्रोग्रॅमची किंमत शून्य, ही जुनीच व्यवस्था आहे. मध्यंतरी ती मोडली आणि तेव्हापासून ती परत आणण्याची खटपट चालू आहे. नक्कलविरोधी कुलपांचा सगळा इतिहास या खटपटीत सामावतो. कुलूप लावण्याचा हक्क निर्मात्याला आहे, पण ते त्याच्या प्रोग्रॅमपुरतेच हवे. वापरणाऱ्याने स्वतः लिहिलेला मजकूर त्यात अडकता कामा नये.

ही व्यवस्था मोडली १९६९ साली. तोवर मोठ्या संगणकासोबत प्रोग्रॅमही येत आणि त्यांचे वेगळे पैसे पडत नसत. त्या वर्षी आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी काढण्याचे जाहीर केले. सॉफ्टवेअर हा स्वतंत्र माल झाला आणि त्याबरोबर त्याची चोरीही शक्य झाली. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना खुले पत्र लिहिले. आल्टेअर संगणकासाठी त्यांच्या कंपनीने तयार केलेल्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कागदी पट्ट्या लोक एकमेकांना उतरवून देत होते, त्याबद्दलची ती उघड तक्रार होती. तक्रारीने काही थांबले नाही, म्हणून कुलपे आली. कमोडोर पेट या संगणकावरच्या वर्डक्राफ्ट या प्रोग्रॅमसोबत १९८० साली राळेत ओतून बंद केलेला एक छोटा ठोकळा मिळू लागला. तो कॅसेटच्या पोर्टला लावल्याशिवाय प्रोग्रॅम चालत नसे. पहिला डोंगल तो हाच. फ्लॉपी कितीही उतरवा, ठोकळा उतरवता येत नव्हता.

पुढच्या काळात आपल्याकडे दिसणारा डोंगल संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला लागे आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीवर जोडली जाई. प्रोग्रॅम त्याला काही आकडे पाठवी, आतली चिप ठरलेल्या रीतीने उत्तर देई आणि उत्तर जुळले की काम पुढे सरके. हे कुलूप फोडणारा सहसा ठोकळ्याला हातही लावत नसे. उत्तर बरोबर आहे का, हे तपासणारी प्रोग्रॅममधली ओळ तो हुडकून काढी आणि उत्तर काहीही आले तरी पुढे जा, असा बदल तिथे करी. झाला क्रॅक तयार. यात प्रामाणिक गिऱ्हाईकच भरडले जाते. डोंगल बिघडला की त्याचे काम ठप्प होते, क्रॅक वापरणाऱ्याला मात्र डोंगल लागतच नाही. म्हणून कुलूप चोराला किती अडवते एवढेच पाहून भागत नाही, ते सावाला किती छळते हेही मोजावे लागते.

पुण्यात ही कथा थेट मराठी अक्षरांपर्यंत येते. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचे जिस्ट कार्ड हा संगणकात बसवायचा वेगळा सर्किट-फलक होता. नक्कल रोखणे हा त्याचा हेतू नव्हता. त्या काळच्या साध्या संगणकाला भारतीय लिप्या झेपत नव्हत्या, म्हणून ते काम कार्डावर सोपवले होते. पण कार्ड नाही तर देवनागरी नाही, असा त्याचा परिणाम आपोआप झाला. पुढे डीटीपीच्या धंद्यात मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी ही फाँटांची प्रणाली डोंगलसह रुजली. अडचण आली ती दुसऱ्याच बाजूने. त्या काळी फाँटागणिक अक्षरांचे संकेतांक वेगळे असत. एका फाँटात जुळवलेले पान तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडले की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. म्हणजे मजकूर लेखकाचा, पण वाचण्याची किल्ली कंपनीच्या खोक्यात! अक्षरांना सर्वत्र एकच संकेतांक देणारे युनिकोड रूढ झाल्यावर ही किल्ली सर्वांच्या हाती आली. तरीही जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणायच्या तर रूपांतर करून पुन्हा मुद्रितशोधन करावे लागते.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: मराठीसाठी राबणाऱ्या लहान कंपनीने कुलूप लावले नसते तर ती जगली असती का? गिऱ्हाईक मोजके, आणि एका प्रतीवर बाजारभर काम चाललेले. म्हणूनच डोंगलला माझा विरोध नाही. कायदाही निर्मात्याच्या पाठीशी आहे. १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅम कॉपीराइट कायद्याखाली आला. १९९४ च्या दुरुस्तीतल्या कलम ६३ब नुसार चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१२ च्या दुरुस्तीने हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणे हाही गुन्हा ठरवला. मात्र रीतसर प्रत घेणाऱ्याला जपणुकीसाठी जादा प्रत काढण्याची मुभा हाच कायदा कलम ५२ मध्ये देतो. कायद्याने दिलेली मुभा कुलपाला कळत नाही, म्हणून ती कंपनीनेच राखली पाहिजे. बिघडलेला डोंगल बदलून देणे ही तिने मेहेरबानी समजू नये.

कुलपापेक्षा टिकाऊ उपाय पुण्यातच सापडला, पण त्याची गोष्ट लाहोरपासून सुरू होते. १९८६ साली लाहोरच्या अल्वी बंधूंनी ब्रेन हा संगणक-विषाणू लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची चोरी पकडण्यासाठी तो लिहिला, असे त्यांनी पुढे सांगितले. त्यात त्यांचे नाव, पत्ता, फोन नंबरही होता. चोरी काही थांबली नाही, विषाणू मात्र जगभर पसरला. असे विषाणू फ्लॉपींवरून घरोघर पोहोचल्यावर पुण्यात संगणकदुरुस्ती करणाऱ्या काटकर बंधूंनी नव्वदच्या दशकात क्विक हील हे विषाणूरोधक सॉफ्टवेअर, म्हणजे अँटिव्हायरस, आणले. नव्या विषाणूंची ओळख सतत मिळाली नाही तर अँटिव्हायरस कुचकामी ठरतो. त्यामुळे पैसे पडतात ते चालू राहणाऱ्या सेवेचे, आणि सेवेची फ्लॉपी उतरवता येत नाही.

मग सगळेच सॉफ्टवेअर वर्गणीवर आणि कंपनीच्या सर्व्हरवर न्यावे, असे आज म्हटले जाते. चोरी त्याने घटेल. पण वर्गणी थकली म्हणून स्वतःचेच हिशेब, नकाशे, हस्तलिखिते उघडेनाशी झाली, तर फाँटांच्या काळातली चूक आपण मोठ्या प्रमाणावर पुन्हा करू. म्हणून खरेदी करताना शाळेने, छापखान्याने, ग्रामपंचायतीने एक अट लेखी घालावी: करार संपला तरी आमचा मजकूर खुल्या, सर्वमान्य स्वरूपात आम्हाला मिळालाच पाहिजे. या अटीने निर्मात्याचा एक रुपयाही बुडत नाही, आणि ती मान्य करणाऱ्या निर्मात्याला त्याचे पैसे चुकते करणे हे आपलेही कर्तव्य ठरते.