हृदयाची गोळी आणि साखर उतरल्याची खूण

मधुमेही माणसाची साखर वाढली की घरचे सारे काळजी करतात. पण ती एकाएकी उतरली, तर तासाभरातही जिवावर बेतू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

१९२२ साली कॅनडात टोरांटो येथे इन्सुलिन प्रथम रोग्याला टोचले गेले आणि मरणाच्या दारी टेकलेली मुले उठून बसली. त्याबरोबरच हा धोकाही आला. सुई घेतली आणि जेवण चुकले, की साखर घसरते. मग मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन नावाचा रस रक्तात सोडतात. तो यकृतातली साठवलेली साखर बाहेर काढवतो आणि जाता जाता हृदयालाही पळवतो. छाती धडधडते, हात कापतात, दरदरून घाम सुटतो. रोगी काय ते ओळखतो, साखर तोंडात टाकतो आणि निभावतो.

आता दुसरीकडे पाहा. दुखऱ्या हृदयाला रक्त वाढवून देण्यापेक्षा त्याचे कामच हलके करावे, असे स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांना वाटले. बैल थकला तर आपणही गाडीतले ओझे उतरवतोच की! अ‍ॅड्रेनलिन हृदयाला जिथे पकडते, ती जागाच त्यांनी अडवली. पहिले औषध उंदरांत गाठी दिसल्याने सोडावे लागले. मग १९६४ च्या सुमारास प्रोप्रानोलोल आले. छातीच्या कळा कमी झाल्या. १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पण तशा जागा शरीरात इतरत्रही असतात. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उतरली, तरी आता छाती धडधडेना, हात कापेना. शिवाय उतरलेली साखर वर यायलाही वेळ लागू लागला. राखणदाराचेच तोंड बांधल्यासारखे झाले. घाम मात्र सुटतच राहिला, कारण घामाच्या ग्रंथींना हुकूम देणारे रसायन निराळे आहे.

या भीतीने डॉक्टर मधुमेह्यांना ही औषधे देईनात, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनासुद्धा. माझ्या मते ही भीती फार ताणली गेली, कारण झटक्यानंतर या गोळ्यांचा लाभ मधुमेह्यांनाही होतो, असे पुढे दिसून आले. १९७६ साली इंग्लंडात अ‍ॅटेनोलोल आले. ते मुख्यतः हृदयापुरते काम करते, म्हणून साखर सावरण्याच्या आड कमी येते.

आपल्या घरी कोणी इन्सुलिन आणि अशी गोळी दोन्ही घेत असेल, तर अवेळी आलेला घाम उन्हाचा समजू नका. साखर तपासा, ते जमत नसेल तर शुद्धीवर असताना लगेच साखरपाणी द्या. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. ती एकदम सोडल्यास छातीची कळ पुन्हा उसळते.