खाचेचे यंत्र आणि मापांचा मेळ

शिडांच्या जहाजांच्या काळी 74 तोफांच्या एका युद्धनौकेस नऊशेहून अधिक लाकडी कप्प्या लागत, आणि प्रत्येक कप्पीत चाकासाठी लागणारी खोल खाच कारागीर हातानेच पाडीत. परंतु आरमाराची निकड या हुन्नराला आटोपेना, तेव्हा आरमारी बांधकामांचा निरीक्षक सॅम्युएल बेंथॅम याच्या पुरस्काराने मार्क ब्रुनेल याने योजिलेली यंत्रे घडविण्याची कामगिरी लंडनच्या हेन्री मॉड्स्ले याजकडे सोपविण्यात आली. पोर्ट्समथच्या गोदीतील त्या 45 यंत्रांनी 1808 साली 1,30,000 कप्प्या तयार केल्या, आणि पूर्वी 110 कुशल कारागीर करीत ते काम 10 अकुशल माणसे करू लागली.

त्यांतील खाचेच्या यंत्रात, आधी दुसऱ्या यंत्राने पाडलेल्या भोकात विंधणे, म्हणजे खाच पाडण्याची छिन्नी, वरखाली आपटे आणि प्रत्येक घावासरशी ठोकळा ठराविक अंतराने पुढे सरके. यंत्र, हत्यार आणि ठोकळा धरणारा शिकंजा ही सर्व एकाच योजनेतून निर्माण झालेली असल्याने त्यांच्या परस्पर जुळणीचा प्रश्न तेथे फारसा उद्भवला नाही. बाहेरच्या जगात मात्र एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसेल, याची शाश्वती नव्हती. मॉड्स्लेच्याच हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने 1841 साली 55 अंशांच्या आट्यांचे प्रमाण सुचविले. पण 1864 साली अमेरिकेत विल्यम सेलर्स याने 60 अंशांचे मांडल्याने देशांतर्गत विसंगती मिटली तरी दोन देशांमधील विसंगती दीर्घकाळ राहिली.

पुढे प्रचारात आलेल्या पोकळ चौकोनी विंधण्याच्या वाट्याला तेवढीही व्यवस्था आली नाही. त्याच्या पोटात गिरमीट फिरते. पण एका कारखान्याच्या विंधण्याचा दांडा पाच अष्टमांश इंचाचा, तर दुसऱ्याच्या विंधण्याचा पाऊण इंचाचा, आणि मधली तफावत बुशाने भरून काढावी लागते. बूश सैल असले तर विंधणे किंचित वळते आणि ओळीने पाडलेल्या भोकांच्या भिंतींना पायऱ्या पडतात; गिरमिटाचे तोंड विंधण्याच्या धारेखाली अल्पसे मोकळे ठेवले नाही, तर पोलादावर पोलाद घासून ते तापते व निळे पडते.

अशा वेळी दोष कारागिराच्या हाताला देण्याचा दस्तूर आहे. तो अन्यायाचा आहे. अचूक यंत्र ब्रुनेल आणि मॉड्स्ले यांच्या प्रतिभेने घडू शकले, परंतु मापांचा मेळ ही प्रतिस्पर्ध्यांनी आपसांत कबूल करावयाची गोष्ट असून, पोर्ट्समथला आरमाराचा जो एकमुखी हुकूम लाभला तो खुल्या बाजाराला कधीच लाभला नाही.