पुढची दोन चाके

बैलबंडीची ‘अलाइनमेंट’ करून आणल्याचे कधी कोणाच्या ऐकिवात नाही. आमच्या आमगावकडे धानाच्या बांध्यांमधून, धुऱ्यांच्या कडेने पिढ्यान्‌पिढ्या बंड्या चालत आल्या. चाक मोडले, धाव निसटली, आख वाकला, तर सुतार-लोहाराचे दार गाठावे लागे. पण तिची चाके एकमेकांशी नीट वागतात की नाही, हा प्रश्न कधी उद्भवला नाही. बंडीला चाके दोनच, आणि तीही एका आखावर मोकळी फिरणारी. बैल वळले की जू वळते, जुवाबरोबर दांडी, दांडीमागोमाग सबंध आख. आतले चाक हळू फिरते, बाहेरचे भराभर. तंटा करायला तिसरे चाकच नाही.

गावातून जाणारी आगगाडी चार चाकांची खरी, परंतु तिला वाट दाखवायला रूळ आहेत. नागपूर–राजनांदगाव हा मार्ग आधी मीटर गेजचा होता. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो रुंद केला. मार्ग अरुंद असो की रुंद, इंजिनचालकाला वळण घेण्याची चिंता कधीच नव्हती.

चिंता आहे ती रुळावाचून चार चाकांवर चालणाऱ्या वाहनाला. जळगावचा श्रीरामाचा रथ ज्यांनी पाहिला असेल त्यांच्या हे चटकन ध्यानात येईल. १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघणारा हा रथ वळवायचा, आवरायचा, तर चाकाखाली नेमक्या क्षणी लाकडी मोगरी सारावी लागते. मोगरीवाल्याचे कसब असे की सगळी मिरवणूक त्याच्या हातावर अवलंबून. पण मोगरी लावून घोडागाडी चालवता येत नाही. म्हणून युरोपातल्या गाडी-कारागिरांनी पुढचा आख मधोमध एका खिळ्यावर ठेवला आणि तो सबंधच्या सबंध फिरवला. मुंबईत पूर्वी धावणाऱ्या व्हिक्टोरियाची पुढची चाके लहान का, असे मुले विचारीत. वळताना ती गाडीच्या पोटाखाली शिरायची असत, म्हणून. या रचनेत एक खोड होती: आख फार वळला की गाडीचा पाया अरुंद होई आणि ती कलंडे.

हे दुखणे प्रथम ओळखणाऱ्यांत एक इंग्रज वैद्य होता, इरॅस्मस डार्विन, म्हणजे उत्क्रांतीवाल्या चार्ल्सचे आजोबा. रोगी पाहण्यासाठी त्याला वाईट रस्त्यांवरून रोज दूरवर गाडीने जावे लागे. आख जागच्या जागी ठेवून फक्त चाके आपापल्या खुंटीवर वळवावीत, ही कल्पना त्याने १७६० च्या आगेमागे मांडली, पण पेटंट घेतले नाही. पुढे १८१६-१७ च्या सुमारास म्युनिकच्या राजदरबारचा गाडी-कारागीर गेओर्ग लांकेनस्पेर्गर याने तीच गोष्ट स्वतंत्रपणे साधली आणि लंडनमध्ये पेटंट घेण्याचे काम रुडॉल्फ अॅकरमन या आपल्या ओळखीच्या जर्मन गृहस्थाकडे सोपवले. अॅकरमनचा धंदा चित्रे आणि पुस्तके प्रकाशित करण्याचा. मात्र तरुणपणी तो गाड्यांचे आराखडे काढी, आणि नेल्सनची अंत्ययात्रा ज्या गाडीवरून निघाली तिची रचनाही त्याचीच. १८१८ साली पेटंट त्याच्या नावावर झाले. लंडनच्या गाडी-कारागिरांनी नाके मुरडली, म्हणून त्याने १८१९ साली एक पुस्तिकाही छापली. आज जगभरच्या मोटार-शाळांत ही रचना ‘अॅकरमन’ नावानेच शिकवतात. ग्रंथावरून लेखकाचे नाव पुसले जावे आणि प्रकाशकाचे तेवढे राहावे, तसा हा प्रकार! अॅकरमनने लबाडी केली असे मी म्हणत नाही. परंतु लांकेनस्पेर्गरचे नाव घेतल्याशिवाय हा इतिहास सांगणे मला प्रशस्त वाटत नाही.

तत्त्व समजायला आपल्याला म्युनिकला जाण्याचे कारण नाही. खळ्यात मेढीभोवती मळणीचे बैल फिरताना पाहा. मेढीजवळच्या बैलाला लहान वर्तुळ, कडेच्याला मोठे. त्यामुळे आतल्याला अधिक वळावे लागते. मोटारीचेही तेच. वळणावर चारही चाकांना जणू एकच मेढ हवी. आतले पुढचे चाक बाहेरच्यापेक्षा थोडे जास्त वळले नाही, तर एकाला तरी फरफटत जावे लागणार. कार्ल बेंझला हे कोडे सुटेना, म्हणून १८८६ च्या पेटंटातली त्याची पहिली मोटार तीनचाकी होती. चार चाके वळवण्याच्या रचनेचे पेटंट त्याने घेतले ते १८९३ साली.

वळणाचा हिशेब असा सुटला. सरळ धावण्याचा उरलाच होता. आणि येथेच गंमत आहे. मोटारीची पुढची चाके काटेकोर सरळ बसवली तर ती सरळ धावत नाहीत. ती मुद्दाम थोडी वाकडी बसवावी लागतात. चाकाचा माथा किंचित बाहेर झुकलेला, हा कॅम्बर. चाक ज्या खुंटीवर वळते ती वरच्या अंगाला जराशी मागे कललेली, हा कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो आणि त्यामुळे ती हात सोडूनही सरळ जाते, तेच हे. आणि दोन्ही चाकांचे ‘चवडे’ केसभर आत वळलेले, हा टो-इन. मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या जुन्या मोटारींत रस्त्याचा विरोध पुढच्या चाकांना बाहेर फाकवतो; आधीच थोडी आत धरली की धावताना ती बरोबर सरळ होतात. यांपैकी पहिली आणि तिसरी खुबी मोटारवाल्यांची नव्हेच. इंग्लंडातले सुतार आखाची टोके थोडी खाली आणि पुढे वाकवीत, म्हणजे चाक खिळीवर न रेलता आखाच्या खांद्याला चिकटून राही.

आपल्याकडे या वाकडेपणाची सर्वांत परिचित मूर्ती म्हणजे फियाट. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याला गाड्या जोडायला घेतल्या. पुढे फियाट ११०० आली, १९६४ ला ‘डिलाइट’, आणि सत्तरीच्या दशकात तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईच्या टॅक्सीताफ्यातली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. खाजगी घरांतून मात्र काही अजून आहेत, आमच्या भागातही.

अशा गाडीचा टो-इन बसवायला हल्लीचे प्रकाशकिरणांचे यंत्र उत्तम. पण कित्येकदा त्याच्या यादीत या गाडीचे नावच सापडत नाही. मग जुनी रीत कामी येते. आमगावात एका वयस्क मिस्त्र्यांना मी हे करताना पाहिले आहे. आधी ते पान्याला हात लावीत नाहीत. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवतात: आतून बाहेर गुळगुळीत आणि बाहेरून आत खरखरीत लागले तर एक दोष, उलट लागले तर दुसरा. मग हवा, चाकाचे बेअरिंग, किंगपिन आणि टाय-रॉडची टोके तपासतात. यांत खेळ असेल तर माप घेणे व्यर्थच. जॅकवर चाक फिरवून टायरभोवती खडूचा पट्टा ओढायचा, त्यावर खिळ्याने बारीक रेघ. गाडी खाली उतरवून थोडी पुढे ढकलायची; मागे नव्हे, नाहीतर सांध्यांतला ढिलेपणा उलट बाजूला जातो. दोन्ही रेघांतले अंतर पुढून, चाकाच्या मध्याच्या उंचीवर मोजायचे. मग चाक अर्धा फेरा घेईल इतकी गाडी पुढे सरकवून त्याच खुणा मागे आल्यावर पुन्हा मोजायचे. रिम थोडी वाकडी असली तरी त्यामुळे चूक कटते. मागच्यापेक्षा पुढचे माप दीड ते तीन मिलिमीटर कमी, हा जुन्या टायरांचा सर्वसाधारण हिशेब; रेडियल टायर घातले असतील तर त्याहून कमी पुरते. कित्येक कंपन्यांच्या पुस्तकांत माणसांचा भार ठेवून माप घ्या असे सांगितलेले असे. माणसे कोण बसून राहणार? मिस्त्री आसनांवर तांदळाची पोती ठेवतात.

तीन मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. सहाशे मिलिमीटरच्या टायराला तीन मिलिमीटरची चूक म्हणजे दर किलोमीटरला दोन चाके मिळून पाच मीटर आडवी घासतात. आमगावहून गोंदियाला जाईपर्यंत शंभर मीटरहून अधिक रबर असे आडवे ओढले जाते. टायर गुळगुळीत होतात, आणि पावसाळ्यात भरल्या कुटुंबाची गाडी ब्रेक दाबताच आडवी जाते.

टाय-रॉडची नळी पाव फेरा फिरवली, नट कसले, तरी काम संपत नाही. देवरीच्या रस्त्याला सरळ पट्ट्यात हात क्षणभर सैल सोडून पाहायचे. गाडी हलकेच डावीकडे सरकली तर मिस्त्री लगेच चाकांना बोल लावीत नाहीत. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडांना उतरता केलेला असतो. समोर-मागे कोणी नाही असे पाहून ते गाडी बरोबर मध्यावर घेतात आणि पुन्हा एकदा हात सैल करतात.