पैसे कोणी मोजायचे? : बेली डान्सच्या महोत्सवामागचा इतिहास

बेली डान्सचा शनिवार-रविवारचा महोत्सव युरोप-अमेरिकेत आता नवलाईचा राहिलेला नाही. त्याची रूपरेषा बहुतेक ठिकाणी सारखीच असते. शुक्रवारी संध्याकाळी नोंदणी आणि गाठीभेटी होतात. पुढचे दोन दिवस सकाळपासून कार्यशाळा चालतात. मधल्या वेळेत बाजार भरतो, आणि तिथे नाणी लावलेले कमरेचे रुमाल, झिरझिरीत ओढण्या, मणीकाम केलेले पोशाख, बोटांत घालायच्या लहान झांजा विकायला असतात. रात्री नामवंतांचा कार्यक्रम होतो, आणि त्याच्या आगेमागे 'हफ्ला', म्हणजे जलसा. या हफ्ल्यात शिकाऊ नर्तकींना प्रत्येकी चार-पाच मिनिटे मिळतात. त्यांच्यात कोणी शिक्षिका असते, कोणी परिचारिका, कोणी नोकरीतून निवृत्त झालेली. त्या चार मिनिटांसाठी वर्षभर तालीम केलेली असते. समोर बसलेला प्रेक्षकवर्गही बहुतांशी नाचणाऱ्यांचाच. आपला नाच आटोपून आलेली बाई घाम पुसत खुर्चीत बसते आणि पुढच्या बाईला जिभेच्या ललकारीने दाद देते.

या सोहळ्यात पाहणाऱ्याचे लक्ष पोशाखाकडे जाते. आमच्या मते त्याहून लक्षणीय आहे ती पैशाची दिशा. इथे नाचणारी बाई पैसे मोजते. प्रवास, हॉटेल, कार्यशाळा, पोशाख, पुष्कळ ठिकाणी रंगमंचावरच्या त्या चार मिनिटांचे शुल्कसुद्धा तिच्याच पदरचे. ज्या इजिप्तमधून हा नाच आला तिथे मात्र नाचणारी बाई पैसे घेत असे, आणि पैसे घेते म्हणूनच हलकी ठरत असे. ही दिशा उलटी कशी झाली, आणि उलटताना कोणाच्या पदरी काय पडले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात आमचा प्रयत्न आहे.

आरंभ नावापासून करू. 'बेली डान्स' हे नाव या नाचाला त्याच्या घरच्यांनी दिलेले नाही. फ्रेंचांनी त्याला 'पोटाचा नाच' म्हटले आणि इंग्रजीने ते शब्दशः उचलले. अरबीत रंगमंचीय रूपाला 'रक्स शर्की' म्हणजे पूर्वेचे नृत्य म्हणतात, आणि लग्नाकार्यात, घराघरांत बायका नाचतात त्या रूपाला 'रक्स बलदी'. 'बलद' म्हणजे गाव, देश. तेव्हा बलदी म्हणजे आपले, गावाकडचे, देशी. या दुसऱ्या नाचात इजिप्तमधल्या कोणालाही वावगे वाटत नाही. आई, मावशी, आजी, सगळ्याच नाचतात. प्रश्न उभा राहतो तो परक्या पुरुषांसमोर, मोबदला घेऊन नाचण्याचा.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कैरोत असा मोबदला घेणाऱ्या बायकांचे दोन वर्ग होते. 'आलिमा' या शब्दाचा अर्थच विदुषी. या बायका प्रामुख्याने गात, आणि प्रतिष्ठितांच्या जनानखान्यात त्यांना मानाने बोलावणे येई. 'गवाझी' मात्र रस्त्यावर, चौकात, लग्नघराच्या अंगणात, बुरख्याविना नाचत. एडवर्ड लेन या इंग्रजाने १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा फरक बारकाईने नोंदवला आहे. सरकार या बायकांकडून कर घेत असे, म्हणजे धंदा सरकारमान्यच होता. तरीही १८३४ साली मुहम्मद अलीच्या राजवटीने कैरोत बायकांच्या सार्वजनिक नाचावर बंदी घातली आणि नाचणाऱ्यांची रवानगी दक्षिणेकडे, केना, एस्ना, अस्वान या गावांकडे झाली. राजधानी सभ्य दिसावी, धर्मगुरूंचा रोष नको, परदेशी प्रवाशांपुढे शोभा नको, अशी कारणे त्यामागे होती. नाच मात्र थांबला नाही. राजधानीत बायकांच्या जागी नाचे पुरुष आले, आणि परदेशी प्रवासी नाच पाहायला नाईलच्या वरच्या अंगाला जाऊ लागले.

अशाच प्रवाशांपैकी एक गुस्ताव्ह फ्लोबेर. १८५० साली एस्ना येथे त्याची कुचुक हानेम या नर्तकीशी गाठ पडली, आणि त्याने लिहिलेल्या पत्रांमुळे व टिपणांमुळे ती युरोपीय साहित्यात अजरामर झाली. त्या प्रसंगाबद्दल कुचुक हानेमने स्वतः काय म्हटले असते, याची नोंद कोणी केलेली नाही. एडवर्ड सैद याने आपल्या 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) या ग्रंथात नेमक्या याच मौनाकडे बोट दाखवले. ती एस्नाला का होती, हा प्रश्न आम्हांला तितकाच महत्त्वाचा वाटतो. १८३४च्या हुकुमाने त्या गावांत नर्तकींची वस्ती वाढली होती. फ्लोबेरने जे 'पूर्वेचे गूढ' म्हणून पाहिले, त्यात हद्दपारीचाही वाटा होता.

नाच समुद्रापार गेला तो प्रदर्शनांच्या वाटेने. १८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले आणि त्याच्या करमणुकीच्या पट्ट्यात 'कैरोतील रस्ता' उभारण्यात आला. या पट्ट्याची व्यवस्था सोल ब्लूम या तरुणाकडे होती. हाच ब्लूम पुढे अमेरिकी काँग्रेसचा सदस्य झाला. आपल्या आत्मचरित्रात त्याने नाचाला मिळालेल्या या सवंग नावाचा धंद्याला कसा उपयोग झाला ते सांगितले आहे, आणि गारुड्याची म्हणून जगभर ओळखली जाणारी ती सूरावट आपण पियानोवर जुळवल्याचा दावाही केला आहे. लोक लोटले, नीतिरक्षक खवळले, आणि दोहोंमुळे तिकिटे खपली. पुढे 'लिटल इजिप्त' हे नाव अनेक नर्तकींनी घेतले. १८९६ साली एडिसनच्या कंपनीने फातिमा नावाच्या नर्तकीची छोटी चित्रफीत काढली, तेव्हा तिच्या एका प्रतीत छातीवर आणि कमरेवर पांढऱ्या पट्ट्यांची कुंपणे रंगवण्यात आली. पाहायचे तर आहे पण पाहिले असे दिसू नये, ही वृत्ती कैरोची मक्तेदारी नव्हती हे यावरून दिसते.

आज महोत्सवात जे रूप शिकवले जाते ते मात्र ना गवाझींचे, ना शिकागोचे. ते घडले कैरोच्या नाट्यगृहांत. दमास्कसमध्ये जन्मलेल्या बदिया मसाब्नी या बाईने १९२६ साली कैरोच्या इमादुद्दीन रस्त्यावर आपले रंगगृह उघडले. तिच्याकडे गाणे, विनोद, नकला, नाच असे सारे एका रात्रीत असे, आणि केवळ बायकांसाठी निराळे खेळही होत. अंगणातला नाच मोठ्या रंगमंचावर आला तसे त्याचे व्याकरण बदलले. एका जागी उभे राहून कमरेत खेळणारा नाच रंगमंचभर फिरू लागला. हात वर उचलले गेले. ढोलकी-सनईच्या छोट्या संचाऐवजी व्हायोलिन, कानून, ॲकॉर्डियन यांचा वाद्यवृंद आला. जिला आपण दरबुका म्हणून ओळखतो त्या मातीच्या तालवाद्याला इजिप्तमध्ये 'तब्ला' म्हणतात, हे मराठी वाचकाला गमतीचे वाटेल. बॅले आणि दक्षिण अमेरिकी नाच यांतूनही बदियाने मोकळेपणाने उचल केली. तिच्याकडे तयार झालेल्या तहियाला 'कारिओका' हे नाव पडले तेही एका ब्राझिली नाचावरून. दुसरी सामिया गमाल. या दोघी चित्रपटांत गेल्या आणि अरब जगात घरोघरी पोहोचल्या. म्हणजे ज्याला आपण 'अस्सल' म्हणून शिकायला जातो ते रूप एका व्यवसायचतुर बाईने, तिकीट काढून येणाऱ्या शहरी प्रेक्षकासाठी, शंभर वर्षांपूर्वी घडवलेले आहे. त्याने त्याचे मोल कमी होत नाही. फक्त 'फॅरोंच्या काळापासून' वगैरे जाहिरातीतली वाक्ये बाजूला ठेवावी लागतात.

कुचुक हानेमच्या मौनाबद्दल लिहिणाऱ्या सैदनेच १९९० साली तहिया कारिओकावर एक गौरवलेख लिहिला. शाळकरी वयात कैरोत पाहिलेला तिचा नाच त्याला चाळीस वर्षांनंतरही आठवत होता. पण या वेळी तो नुसत्या आठवणीवर थांबला नाही, तर तिला प्रत्यक्ष भेटायला गेला. तिचे बोलणे, तिचे राजकारण, तिचा तुरुंगवास, या साऱ्यांना त्या लेखात जागा आहे. नर्तकीवर लिहिण्याच्या परंपरेत हा आम्हांला मोठा पालट वाटतो.

स्वातंत्र्योत्तर इजिप्तने या नाचाशी दुटप्पी व्यवहार केला. एकीकडे १९५९ साली महमूद रेदा या माजी जिम्नॅस्टने लोकनृत्यांचे पथक उभारले. सरकारने लवकरच ते आपल्या पंखाखाली घेतले, आणि फरीदा फहमीसारखी सुशिक्षित घरची मुलगी त्यात नाचू लागल्याने रंगमंचावरच्या नाचाला प्रतिष्ठा मिळाली. दुसरीकडे एकट्याने नाचणाऱ्या व्यावसायिक नर्तकीवर परवान्यांची, पोशाखाच्या नियमांची, पोलिसी तपासणीची टाच राहिली. कारिन व्हॅन न्यूवकर्क या डच मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कैरोच्या मुहम्मद अली रस्त्यावरच्या गायिका-नर्तकींमध्ये राहून १९९५ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले त्याच्या नावाचा अर्थ 'इतर धंद्यांसारखाच एक धंदा' असा आहे. त्या बायकांचे म्हणणे तेच होते. आम्ही लग्नात नाचतो, पोरांना जेवू घालतो, यात लाजण्यासारखे काय? लग्नाच्या मांडवात पाहुणे नोटा देत, त्याला 'नुक्ता' म्हणतात. आपल्याकडच्या दौलतजाद्याशी त्याचे नाते वाचकाच्या सहज लक्षात येईल.

याच काळात अमेरिकेत दिशा उलटू लागली. न्यूयॉर्कच्या ग्रीक, आर्मेनियन, अरब उपाहारगृहांत हा नाच होताच. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात जमीला सालिमपूर यांनी 'बाल अनात' हे पथक काढले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नाचातल्या हालचालींना नावे देऊन त्यांची वर्गवारी केली. पुढे सत्तरच्या दशकात स्त्रीमुक्तीची हवा होती. कोणत्याही वयाची, कोणत्याही बांध्याची बाई नाचू शकते असा नाच शोधणाऱ्या बायका या वर्गांकडे वळल्या. नाच आता पाहण्याऐवजी शिकण्याची गोष्ट झाला, आणि शिकण्याची गोष्ट झाल्यावर पैसे देणारी व्यक्ती बदलली.

नाचाचा आकारही त्याबरोबर बदलला. कैरोची नर्तकी वाद्यवृंदासमोर दीर्घ कार्यक्रम करी. वादक 'तक्सीम' म्हणजे एकट्या वाद्याची मुक्त आलापी घेई तेव्हा ती ऐकून त्या क्षणी उत्तर देण्यात तिचा कस लागे. महोत्सवात ध्वनिमुद्रित संगीत असते, चार मिनिटे असतात, आणि पावले मोजून बसवलेली असतात. दोन तासांच्या कार्यशाळेत बसवलेला नाच शिकवता येतो, ऐकणे शिकवणे कठीण. म्हणूनच ज्या महोत्सवात वादक प्रत्यक्ष बसतात तिथे शिकाऊ नर्तकीची धांदल उडते, आणि तिथेच तिला या नाचाची खरी ओळख होण्याची शक्यता असते.

रेदा पथकातून आलेल्या राकिया हसन यांनी २००० साली कैरोत 'अहलन व सहलन' हा महोत्सव सुरू केला, आणि पिरॅमिडांच्या पायथ्याशी जगभरच्या शिकाऊ बायका जमू लागल्या. कैरोतले शिक्षक, वादक, पोशाख शिवणारे कारागीर यांना या महोत्सवांनी काम दिले. परंतु २००३ साली सरकारने परदेशी नर्तकींना परवाने देण्यास मनाई केली व पुढच्याच वर्षी ती मागे घेतली. २०२० साली एका प्रसिद्ध इजिप्शियन नर्तकीला समाजमाध्यमांवरील चित्रफितींवरून कैरोच्या न्यायालयाने तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. परदेशी बाई आठवडाभर शिकून, टाळ्या घेऊन घरी परतते. त्याच शहरातली बाई तोच नाच करते तेव्हा शेजारी, पोलीस आणि न्यायाधीश तिघेही तिच्याकडे पाहत असतात.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. पुढे लावणी स्पर्धांच्या, महोत्सवांच्या सभागृहांत गेली आणि पांढरपेशा घरच्या मुली हौसेने ती शिकू लागल्या. २००५ साली राज्याने डान्सबार बंद केले तेव्हा मात्र पोटासाठी नाचणाऱ्या हजारो बायका रस्त्यावर आल्या. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली, पण तोवर आठ वर्षे गेली होती. हौसेने नाचणारीला कला आणि पोटासाठी नाचणारीला गुन्हा, ही वाटणी नाईलकाठची म्हणून दूर ढकलता येत नाही.

मग परक्या बायकांनी हा नाच करूच नये काय? २०१४ साली एका अरब-अमेरिकी लेखिकेने तसे खडसावून लिहिले आणि मोठे वादळ उठले. आम्हांला तो मार्ग पटत नाही. बदियाने ब्राझीलचे घेतले, ब्राझीलने पुढे कैरोचे घेतले. नाच असाच वाढतो. महोत्सवात नाचणाऱ्या बाईला तिच्या चार मिनिटांत जो आनंद होतो तोही खोटा नाही. आमचे म्हणणे इतकेच की तिच्या या हौसेची प्रतिष्ठा तिने भरलेल्या शुल्कातून आलेली आहे, आणि हाच नाच पैसे घेऊन करणाऱ्यांना ती अजून मिळालेली नाही. महोत्सवांच्या आयोजकांनी कार्यशाळांच्या वेळापत्रकात एक तास या इतिहासासाठी ठेवावा, ध्वनिमुद्रणाऐवजी वादकांना बोलवावे, आणि कैरोतून आलेल्या शिक्षिकेला मानधन देताना घासाघीस करू नये. नाचून पैसे घेणे ही लाज नव्हे, हे या बायकांनी स्वतःच्या व्यवहाराने मान्य केले, तर मुहम्मद अली रस्त्यावरच्या त्या बायकांचे म्हणणे निदान एका सभागृहात तरी ऐकले गेले असे होईल.