मोरबीचा झुलता पूल : दोर दिसले, गंज दिसला नाही

सौराष्ट्रातील मोरबी हे शहर घड्याळे आणि सिरॅमिक टाइल्सच्या उद्योगासाठी देशभर प्रसिद्ध आहे. राजकोटपासून सुमारे ६५ किलोमीटरवर, मच्छू नदीच्या काठी वसलेल्या या शहराची त्याहून जुनी ओळख होती ती केवळ पादचाऱ्यांसाठी बांधलेल्या झुलत्या पुलाची. मोरबीत येणारा पाहुणा या पुलावरून एक फेरी मारल्याखेरीज सहसा परतत नसे. ३० ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी हा पूल कोसळला आणि १३५ जणांना प्राण गमवावे लागले.

संस्थानकालीन वैभव

मोरबी संस्थानचे अधिपती सर वाघजी ठाकोर यांना युरोपीय नगररचनेचे मोठे आकर्षण होते. त्यातूनच या पुलाची कल्पना साकारली. पुलाचे सामान इंग्लंडहून मागविण्यात आले. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या हस्ते २० फेब्रुवारी १८७९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. सुमारे २३० मीटर लांब आणि जेमतेम सव्वा मीटर रुंद असलेल्या या पुलाने दरबारगढ आणि नझरबाग हे दोन राजवाडे जोडले होते. दोन माणसे शेजारी चालली की पूल भरून जाई. पावलागणिक तो हलके डोले आणि त्या हेलकाव्यांची गंमत अनुभवण्यासाठीच लोक येत.

पूल कसा तोलला जातो?

झुलत्या पुलाला नदीच्या पात्रात खांबांचा आधार नसतो. दोन्ही काठांवरील मनोऱ्यांवरून मुख्य दोर ताणलेले असतात आणि त्यांची टोके जमिनीत भक्कमपणे रोवलेली असतात. या दोरांना लोंबणाऱ्या गजांवर चालण्याची वाट टांगलेली असते. चालणाऱ्याचा भार गजांमार्फत दोरांवर आणि दोरांमार्फत मनोरे व जमिनीवर जातो. म्हणजेच पुलाचे आयुष्य पायाखालच्या वाटेवर नव्हे, तर डोक्यावरच्या दोरावर अवलंबून असते.

दुर्घटना आणि तिची कारणे

दुरुस्तीसाठी काही महिने बंद असलेला हा पूल गुजराती नववर्षाच्या दिवशी, २६ ऑक्टोबर २०२२ रोजी पुन्हा खुला झाला. दिवाळीच्या सुटीतील रविवारी, उद्घाटनानंतर अवघ्या चार दिवसांनी, गर्दीने भरलेला पूल नदीत कोसळला. मृतांमध्ये लहान मुलांची संख्या मोठी होती.

राज्य सरकारने नेमलेल्या विशेष तपास पथकाच्या अहवालातून धक्कादायक बाबी समोर आल्या. मुख्य दोर सात पेडांचा आणि प्रत्येक पेड सात तारांचा, अशा एकूण ४९ तारा एका दोरात होत्या. त्यांपैकी २२ तारा गंजलेल्या होत्या आणि त्या दुर्घटनेपूर्वीच तुटलेल्या असाव्यात, असा निष्कर्ष पथकाने काढला. उरलेल्या २७ तारा त्या संध्याकाळी तुटल्या. दुरुस्तीत जुन्या गजांना नवे गज वेल्डिंगने जोडले गेले. सुट्या लाकडी फळ्यांच्या जागी ॲल्युमिनियमची वाट बसविल्याने पुलाचे स्वतःचे वजन वाढले. मुख्य दोर मात्र बदललेच नाहीत. खुला करण्यापूर्वी पुलाची भारचाचणी झाली नाही आणि एका वेळी किती जणांना सोडावे, यालाही मर्यादा घातली गेली नाही. गुजरात उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, तर एप्रिल २०२३ मध्ये राज्य सरकारने मोरबी नगरपालिका बरखास्त केली.

पर्यटकांनी काय पाहावे?

दुर्घटनेनंतर हा पूल वापरात राहिलेला नाही. मोरबीला जाणाऱ्यांना मणिमंदिर, नेहरू गेट आणि ग्रीन चौक या वास्तूंमधून संस्थानकाळाची कल्पना येऊ शकते.

हा धडा महाराष्ट्रासाठीही दूरचा नाही. १५ जून २०२५ रोजी, तोही रविवारच, मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चौघांचा मृत्यू झाला. तो झुलता पूल नव्हता, पण सुटीची गर्दी तीच होती. जुन्या पुलावर पाऊल ठेवण्यापूर्वी तेथे क्षमतेचा फलक आहे का आणि लोकांना मोजून सोडले जात आहे का, एवढे तरी पाहावे. गर्दी दिसल्यास काठावर थांबावे. रंगरंगोटी पर्यटकाला दिसते, दोराच्या आतील गंज दिसत नाही. तो पाहण्याची जबाबदारी पूल सांभाळणाऱ्यांची आहे.