तोतया पाकिटांचा शोध

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यांत राहणारे रॉब टोपोल्स्की यांना एका जुन्या गायनप्रकाराचा मोठा नाद होता. चौघांनीं मिळून, वाद्याच्या साथीवांचून, चार निरनिराळ्या सुरांत एकच गीत म्हणावयाचें असा हा प्रकार. त्यास तिकडे 'बार्बरशॉप', म्हणजे न्हाव्याच्या दुकानांतलें गायन, असें गमतीचें नांव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभींचीं हीं गाणीं. बाजारांत त्यांना गिऱ्हाईक उरलेलें नाहीं, पण चाहते जगभर विखुरलेले. आपल्या संग्रहांतील गाणीं या समानशील मंडळींना संगणकावरून पाठवावीं, एवढाच टोपोल्स्कींचा खटाटोप होता. इ. स. २००७ च्या सुमारास त्यांच्या असें ध्यानांत आलें कीं, घरांतील इंटरनेटचीं बाकी सर्व कामें सुरळीत चालतात, बाहेरच्या वस्तु घरांत येतात, परंतु घरांतलें गाणें मात्र बाहेर जात नाहीं.

ज्या पद्धतीनें तीं गाणीं पाठवावयाचीं, ती बरोबरीच्या नात्यानें चालणारी देवघेव होय. एरवीं एखादी वस्तु हवी असली म्हणजे ग्राहकाचा संगणक कोण्या मोठ्या कोठाराकडे मागणी करतो आणि कोठार ती पुरवितें. येथें कोठार नसतें. ब्रॅम कोहेन यानें जुलै २००१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'बिटटॉरेंट' या योजनेंत एका वस्तूचे अनेक तुकडे पाडले जातात, आणि ज्याला जो तुकडा मिळाला तो त्यानें इतरांना द्यावा असा रिवाज असतो. घेणारा तोच देणारा. अर्थात् अनोळखी माणसास बाहेरून येऊन घराचें दार ठोठावतां आलें पाहिजे, आणि खरी अडचण तेथेंच असते.

इंटरनेटच्या मूळ रचनेंत प्रत्येक यंत्रास स्वतःचा पत्ता असावयाचा होता. १९८१ सालीं ठरलेल्या नियमांप्रमाणें असे पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतके होऊं शकत. त्या वेळीं ही संख्या अफाट वाटली. दहाबारा वर्षांतच ती अपुरी पडणार हें दिसूं लागलें. मे १९९४ मध्यें क्येल्ड एगेवांग व पॉल फ्रान्सिस यांनीं एक तोडगा लिहून प्रसिद्ध केला, आणि तो तात्पुरता आहे असें त्यांनीं त्यांतच नमूद केलें. तात्पुरती म्हणून घातलेली छपरी पुढें घराचाच भाग होऊन बसावी, तसें या तोडग्याचें झालें.

जुन्या शहरी वाड्याच्या उदाहरणानें हा तोडगा चटकन् समजेल. वाड्याचें नांव एक, आंत बिऱ्हाडें अनेक. देवडीवर एक पहारेकरी बसलेला. आंतून कोणी पत्र धाडलें कीं तो आपल्या वहींत टिपून ठेवतो आणि पत्रावर वाड्याचा पत्ता घालतो. उत्तर आलें कीं वही पाहून तें योग्य बिऱ्हाडीं पोंचवितो. पण आंतून कोणीं विचारणा केलेली नसतां बाहेरून एखादें पत्र आलें, तर तें कोणाचें हें वहींत सांपडत नाहीं आणि पहारेकरी तें टाकून देतो. घरोघरीं बसविलेला राउटर हाच तो पहारेकरी. त्याच्या मनांत दुष्टावा नसतो. त्याची वहीच तेवढी असते. पत्र लिहिणाऱ्यास या व्यवस्थेचा मुळींच त्रास होत नाहीं. ज्याच्याकडे परक्यांनीं यावयाचें त्याचीच तेवढी कुचंबणा होते.

त्यामुळें अशी देवघेव अडली म्हणजे शहाण्या माणसानें प्रथम आपली देवडी तपासावी, हा सल्ला अगदीं योग्यच आहे. अमुक क्रमांकाच्या दारावर जें येईल तें अमुक यंत्राकडे द्यावें, अशी कायमची ताकीद राउटरला देतां येते. बिटटॉरेंटसाठीं आरंभीं ६८८१ ते ६८८९ हे क्रमांक वापरीत. ताकीद देऊनही काम होत नसेल, तर बहुधा यंत्राचा अंतर्गत पत्ता मध्यंतरीं बदललेला असतो आणि पहारेकरी टपाल रिकाम्या बिऱ्हाडीं नेऊन टाकीत असतो. तो पत्ता कायम करावा लागतो. कधीं संगणकाच्या आंतला स्वतंत्र पहारा आडवा येतो. पुष्कळदां इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीचें एक यंत्र आणि घरमालकानें हौसेनें आणलेलें दुसरें अशा दोन देवड्या एकामागें एक असतात, आणि ताकीद त्यांतील एकीलाच मिळालेली असते. आणि जर राउटरवर बाहेरचा म्हणून दिसणारा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर तिसरी देवडी खुद्द कंपनीच्या कार्यालयांत आहे असें समजावें. १०० नें सुरू होणारी ही पत्त्यांची राखीव पट्टी एप्रिल २०१२ मध्यें त्याचकरितां काढलेली आहे, आणि तेथें घरांतल्या ताकिदीचा कांहीं उपयोग होत नाहीं.

संगणकाचे कार्यक्रम तपासणें हा टोपोल्स्कींचा धंदाच होता. देवडीचे दोष त्यांना परके नव्हते. पण येथें लक्षण निराळें होतें. दार बंद असतें तर मुळांत कोणी आंतच आला नसता. येथें पाहुणा येई, बोलणें सुरू होई, आणि मग एकाएकीं तुटे. त्यांनीं येणारें-जाणारें प्रत्येक पाकीट टिपून ठेवणारा कार्यक्रम लावला. त्या टिपणांत एका विशिष्ट जातीचीं पाकिटें दिसूं लागलीं.

हीं पाकिटें 'रीसेट'चीं. १९८१ च्याच नियमांत अशी सोय आहे कीं, दोन यंत्रांचें संभाषण चालूं असतां एकाला कांहीं विपरीत आढळलें, तर त्यानें रीसेट पाठवावें. तें मिळतांच दुसऱ्यानें बोलणें तत्काळ थांबवावें. वस्तुतः हा सभ्यतेचा नियम आहे. परंतु या ठिकाणीं रीसेट दोघांपैकीं कोणींच पाठविलेलें नव्हतें. मध्यें बसलेलें कोणी तिसरेंच यंत्र पहिल्याच्या नांवानें दुसऱ्याला आणि दुसऱ्याच्या नांवानें पहिल्याला असें पाकीट धाडीत होतें. दोघांनाही वाटावें कीं समोरच्यानेंच पाठ फिरविली. हीं पाकिटें तोतयीं होतीं, आणि तोतया ओळखूं येत नाहीं तोंवरच त्याचा अंमल चालतो. किती घरांतून लोकांनीं निष्कारण आपल्या राउटरला दोष दिला असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी. मे २००७ मध्यें टोपोल्स्कींनीं आपलें निरीक्षण उघडपणें मांडलें आणि आपल्या 'कॉमकास्ट' या कंपनीकडे बोट दाखविलें. अमेरिकेंतील घरोघरीं केबल पुरविणारी ही एक बलाढ्य संस्था होय.

एका घरचें टिपण हा पुरावा खरा, पण एकांगी. १९ ऑक्टोबर २००७ रोजीं असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनें स्वतः केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत छापला. पाठविण्यासाठीं तिनें बायबलचें जुनें इंग्रजी भाषांतर निवडलें, ही निवड चतुरपणाची खरी. त्या ग्रंथावर चोरीचा आळ कोण घेणार? तीन प्रयत्नांपैकीं दोन फसले, आणि तिसरा दहा मिनिटें खोळंबल्यावर सुरू झाला. नोव्हेंबरांत इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनें पाठविणारा व घेणारा या दोन्ही टोंकांचीं टिपणें शेजारीं ठेवून दाखविलीं. एका टोंकाला जें पाकीट आलें म्हणून नोंदलें गेलें, तें दुसऱ्या टोंकावरून निघालेंच नव्हतें. यापुढें वाद राहिला नाहीं.

कंपनीनें प्रथम, आपण कांहींच अडवीत नाहीं असें सांगितलें. पुढें, अडवीत नाहीं, फक्त विलंब लावतों, असें म्हटलें. तिची बाजू अगदींच पोकळ नव्हती. केबलची तार मूळची दूरचित्रें घरांत आणण्यासाठीं घातलेली. तिची बाहेर जाणारी वाट अरुंद, आणि ती आजूबाजूच्या अनेक घरांत वांटलेली. चार घरांनीं रात्रंदिवस वस्तु बाहेर पाठविल्या तर पांचव्याची गैरसोय व्हावयाचीच. तथापि गर्दी आवरण्यासाठीं दुसऱ्याच्या नांवानें खोटा निरोप धाडणें हा उपाय कोणत्याही टपालखात्यास शोभला नसता. शिवाय जर्मनींतील मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनीं २००८ सालीं एक चांचणी तयार केली. तींत एक संभाषण बिटटॉरेंटच्या धर्तीचें आणि दुसरें निरर्थक अक्षरांचें, अशीं दोन्ही चालवून त्यांची तुलना होई. सामान्य घरमालकासही ती करतां येत असे. तींतून दिसलें कीं, ही अडवणूक दिवसाच्या सर्व प्रहरीं चालूं होती. गर्दीचा बहाणा त्यामुळें लंगडा पडला.

फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या सरकारी मंडळानें २५ फेब्रुवारी २००८ रोजीं हार्वर्ड विद्यापीठांत जाहीर सुनावणी ठेवली. त्या दिवशीं जागा अडवून बसण्यासाठीं कंपनीनें पैसे देऊन माणसें आणलीं होतीं, हें मागाहून तिला कबूल करावें लागलें. १७ एप्रिलला स्टॅनफर्ड येथील सुनावणींत स्वतः टोपोल्स्कींनीं साक्ष दिली. १ ऑगस्ट २००८ रोजीं मंडळानें तीन विरुद्ध दोन मतांनीं कंपनीविरुद्ध निर्णय दिला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस तिनें ही रीत सोडून, वस्तूची जात न पाहतां गर्दीच्या वेळीं अतिवापर करणाऱ्याचा वेग कमी करण्याचा मार्ग स्वीकारला.

६ एप्रिल २०१० रोजीं वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानें मंडळाचा तो निर्णय रद्द ठरविला. तोतयीं पाकिटें पाठविणें योग्य, असें न्यायालयानें म्हटलें नाहीं; असा हुकूम काढण्याचा अधिकार मंडळाला कायद्यानें दिलेला नाहीं, एवढेंच म्हटलें. त्यानंतर नियम झाले, रद्द झाले, पुन्हां झाले. शेवटचे नियम २०२४ चे. २ जानेवारी २०२५ रोजीं सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयानें तेही मोडीत काढले.